मुडदा कोनाचा, हे इचारलं का कोनं?

आदरणीय सर,

तुम्ही गेल्यावर लिहितेय. असता, तर मजकुराआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासले असते तुम्ही.

राळेगावकडच्या कोरडवाहू वावरातून, मराठी शाळेतून आलेली मी. १८७२ चा पुरावा कायदा इंग्रजीतून वाचताना घाम फुटला. कॉलेज सोडते, असं सांगायला आले, तर तुम्ही शूद्रकाचं संस्कृत नाटक ‘मृच्छकटिक’ हातात ठेवलं. नववा अंक वाच म्हणालात. मला वाटलं, गेली सरांची!

तुमचं वेड ठाऊक होतंच. एसटीत मेघदूत म्हणायचात आणि यवतमाळ रोडच्या खड्ड्यागणिक त्याचं मंदाक्रांता वृत्त अडखळायचं. संस्कृत नाटककार भवभूती आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं सांगतो, म्हणून तो तुमच्या लेखी गाववालाच.

पण तो नववा अंक म्हणजे अख्खा खटला निघाला. गणिका वसंतसेनेचा गळा दाबला राजाच्या मेहुण्यानं, शकारानं; आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर. न्यायाधीश त्या दिवशी फिर्याद ऐकायला तयार नव्हता. शकारानं नोकरी घालवायची धमकी दिली, की लगेच पुकारा. मग वसंतसेनेच्या आईची साक्ष, बागेत बाईचा मुडदा पाहून आलेल्या शिपाई वीरकाची साक्ष, आणि नेमके तेव्हाच चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून गळून पडलेले तिचे दागिने. चारुदत्ताला सुळाची शिक्षा. आणि बाई जिवंत!

तुम्ही खडू आपटून विचारलंत, “बागेत मुडदा सापडला म्हन्ते. पन कोनाचा, हे इचारलं का कोनं?” परिस्थितीजन्य पुरावा मला तिथंच कळला. निवाडे नंतर वाचले, ते उजळणीपुरते.

मागच्या हंगामात एका सालदाराची केस आली. मालकाचा कापूस चोरल्याचा आरोप, घरात दोन क्विंटल सापडला. गावाला तेवढं पुरे होतं. त्याच्या बायकोनं मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं केलेलं दोन एकर वावर कोणी हिशेबातच धरलं नाही. उलटतपासणीत मी विचारलं, हा कापूस तुमच्याच वावरातला, हे कशावरून ओळखलं?

फिर्यादी म्हणाला, “कापूस त काय मॅडम, सारखाच असते.”

कोर्टात हसू पिकलं. माणूस सुटला. मी मात्र मागच्या बाकाकडे पाहत होते, तुम्ही बसला असाल म्हणून. ते आभार मानायचे राहिले, सर. आज मानते.

सुटल्यावर त्यानं पायलीभर तूर आणून दिली. त्यातली अर्धी घेऊन तुमच्या घरी गेले. काकूंनी दाणे तळहातावर घेतले, निरखले आणि म्हणाल्या, “कोनाच्या वावरातली हाये, बाई?”

तुमची,
मागच्या बाकावरची