पात्राच्या वर्गात बदलाला वाव हवा

महोदय,

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांकडे सोलापुरातील काही तरुण वळले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच एक खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला तेव्हा त्यात पात्रांचे योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग, म्हणजे प्रकार, होते. आज मुख्य नियमपुस्तकात १२ वर्ग असून २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रत्येक पात्र तिसऱ्या पातळीवर (प्रगतीच्या पायरीवर) उपवर्ग, म्हणजे आपल्या वर्गाची एक खास शाखा, निवडते. तरीही खेळ चालवणारे काही जण छापील उपवर्गांपलीकडे जाऊ देत नाहीत, आणि हा आग्रह मला खटकतो.

एखाद्या मुलीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वज (उंच, जड मानाची काठी) पेलणाऱ्या मानकऱ्यावरून आपला योद्धा घडवायचा असेल, तर त्यासाठी संपूर्ण नवा वर्ग रचावा लागत नाही. उपवर्गातील एक आक्रमक क्षमता काढून तिच्या जागी, ध्वज उभा असेपर्यंत जवळच्या सोबत्यांची भीती दूर करणारी क्षमता द्यावी. मात्र ती त्याच पातळीवर मिळावी आणि एकदा वापरल्यावर पात्राने खेळात विश्रांती घेतल्यानंतरच परत यावी, म्हणजे इतर पात्रे फिकी पडत नाहीत. बदल एका वेळी एकच करावा, कारण दोन एकत्र केले की तोल कशामुळे ढळला हे उमगत नाही.

या खेळाचे पायाभूत नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले असल्याने श्रेयनिर्देशासह त्यांचे मराठी रूपांतर करता येते. शहरातील वाचनालयांनी सुट्टीत या कामासाठी जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, सोलापूर