लहान नाट्यगृहात जाताना

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुहास,

तुझं पत्र काल रात्री वाचलं. लगेच फोन करणार होतो, पण तिकडे तेव्हा दौऱ्याची बस सुटायची वेळ. शिवाय मला जे सांगायचंय ते फोनवर घाईघाईत नीट येणार नाही.

निर्मात्याचं गणित मला पटतं. शनिवार-रविवार सोडले तर बाल्कनी रिकामी राहते. भाडं, नटांची नाइट (प्रयोगाचं मानधन), बस, जाहिरात, काहीच कमी होत नाही. म्हणून नाटक आता प्रभादेवीच्या मिनी थिएटरमध्ये न्यायचं. पण त्याखाली तू लिहिलंयस, ‘शेवटी आपण खाली आलोच.’ ते वाक्य मला टोचत राहिलं. सुहास, तू खाली आलेला नाहीस. इथे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

‘द प्ले दॅट गोज राँग’बद्दल तुला मागे लिहिलं होतं. कॉलेजची हौशी मंडळी खुनाचं रहस्यनाट्य करायला उभी राहतात आणि पहिल्या मिनिटापासून सगळं बिघडत जातं. प्रेताच्या हातावर कोणीतरी पाय देतं. दार उघडत नाही, आणि उघडतं ते थेट नायिकेच्या तोंडावर. ती बेशुद्ध, मग तिच्या जागी बॅकस्टेजची मुलगी हातात संहिता घेऊन उभी. लंडनच्या लॅम्डा नाट्यशाळेत शिकलेल्या हेन्री लुईस, जोनाथन सेयर आणि हेन्री शील्ड्स या तिघांनी ते लिहिलं. 2012 मध्ये ते पहिल्यांदा झालं इस्लिंग्टनच्या ‘ओल्ड रेड लायन’ या पबच्या माडीवर, साठेक खुर्च्यांच्या खोलीत, आणि तेही एकांकिकेएवढंच. पुढे दौऱ्यासाठी दुसरा अंक जोडला गेला, 2014 च्या सप्टेंबरमध्ये ते वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या मुख्य व्यावसायिक नाट्यवस्तीतल्या, डचेस थिएटरला लागलं, 2015 मध्ये सर्वोत्तम नव्या विनोदी नाटकाचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. 2 एप्रिल 2017 ला ते इथे न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, लायसियम थिएटरमध्ये उघडलं, आणि नेपथ्यकार नायजेल हूकला ब्रॉडवेचं टोनी पारितोषिक मिळालं. ते त्याला मिळायलाच हवं होतं. त्या नाटकात नेपथ्य हेच सर्वांत मोठं पात्र आहे. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका माणसांसकट कलते तेव्हा तुझ्यासारख्या नेपथ्य जाणणाऱ्या माणसाचाही श्वास अडकेल.

लायसियम 1903 चं. दर्शनी भागात मोठाले खांब, आत दोन बाल्कन्या, नऊशेच्या वर खुर्च्या. मी बाल्कनीतून पाहिलं. खूप हसलो, पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातच आली नव्हती. त्यातला बटलर झालेला नट अवघड शब्द तळहातावर लिहून आणतो आणि तरी ते चुकीचेच म्हणतो. वरून मला फक्त चुकीचे शब्द ऐकू आले. चोरून तळहाताकडे पाहणं, त्याआधीची ती घाबरलेली नजर, हे माझ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

6 जानेवारी 2019 ला ब्रॉडवेवरचे प्रयोग थांबले. वाटलं, संपलं. पण फेब्रुवारीत तेच नाटक न्यू वर्ल्ड स्टेजेसमध्ये उभं राहिलं. पन्नासाव्या रस्त्यावर जिने उतरून जमिनीखाली जायचं. तिथे पाच लहान थिएटरं आहेत, पूर्वी ते सिनेमाचं मल्टिप्लेक्स होतं. खांब नाहीत, सोनेरी नक्षी नाही. तिथे मी तो तळहात पाहिला. त्या एका नजरेला मला जेवढं हसू आलं तेवढं लायसियममध्ये अख्खी अभ्यासिका कोसळतानाही आलं नव्हतं.

हशाही वेगळा होता. मोठ्या नाट्यगृहात हसू आधी खाली फुटतं, मग मधल्या बाल्कनीत, मग वर, आणि नटांना त्या लाटा ओसरेपर्यंत थांबावं लागतं. तळघरात सगळे एकदम हसले आणि एकदम थांबले. नटांनी तो हिशेब बदलला होता. एका प्रसंगात संवाद चुकून पुन्हा पहिल्या वाक्यावर येतात आणि सगळे गोल गोल फिरत राहतात. तिथे त्यांनी अजिबात दम घेतला नाही, आणि प्रत्येक फेरीला त्यांच्या चेहऱ्यावरची भीती वाढताना मला दिसत होती.

इथे पाचशे किंवा त्याहून जास्त खुर्च्या असल्या तरच ब्रॉडवे. त्याखाली ऑफ-ब्रॉडवे: करार वेगळे, आठवड्याचा खर्च कितीतरी कमी, टोनी मात्र नाही. प्रतिष्ठा जाते, आयुष्य वाढतं. ‘ॲव्हेन्यू क्यू’ हे बाहुल्यांचं संगीत विनोदी नाटक ब्रॉडवेवर 2003 ते 2009 चाललं, मग याच तळघरात आलं आणि 2019 पर्यंत टिकलं. चार नटांनी सगळ्या भूमिका करायच्या त्या ‘द 39 स्टेप्स’ने ब्रॉडवेवरच 2008 पासून तीन नाट्यगृहं बदलली, आणि 2010 मध्ये तेही इथेच उतरलं. ‘प्ले दॅट गोज राँग’ ब्रॉडवेवर दोन वर्षंही पुरं झालं नव्हतं. तळघरात मात्र कोरोनात बंद पडूनही 2021 मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं चाललं.

काही हरवतं, हे मी नाकारत नाही. नऊशे माणसं एकदम हसतात तेव्हा नटाच्या अंगात जे शिरतं ते दोन-तीनशे माणसांत शिरत नाही. ते तुला आठवत राहील.

आता तुमच्या नाटकाचं. दुसऱ्या अंकात मामा फोनवर थापा मारतात आणि सून मागे उभी राहून ऐकते, तो प्रवेश आधी हातात घे. शेवटच्या रांगेला कळावं म्हणून तू तिला तीन पावलं पुढे आणून कपाळावर हात मारायला लावलं होतंस. आता ते काढ. नुसती भुवई पुरेल. मामांचं थांबणंही कमी कर. लहान जागेत हशा लवकर संपतो, आणि मग ते थांबणं उघडं पडतं. लायसियमच्या वरच्या मजल्यावर त्याचा मालक डॅनियल फ्रोमन राहायचा. बायको मार्गारेट इलिंग्टन रंगमंचावर जास्त करायला लागली की तो वरच्या झरोक्यातून पांढरा रुमाल हलवायचा, अशी आख्यायिका आहे. तुमच्या मामांसाठी असा रुमाल घेऊन कोणाला तरी बसव, मी गंभीरपणे सांगतोय.

आणि एक हट्ट कर. जुन्या नेपथ्याला कात्री लावून ते तिथे बसवू नका. जिना आणि माजघराचं दार नव्याने मोजून करा. निर्माता खर्चाला कुरकुरेल, पण दार अर्ध्या फुटाने चुकलं तर पहिल्या अंकातली सगळी पळापळ फसेल. निदान एक पूर्ण रंगीत तालीम त्याच जागेत, दिव्यांसकट मिळव.

रंगमंचाची रुंदी, खोली आणि वरची उंची मला कळव. जिन्याचा आराखडा मी काढून पाठवतो, रविवारी तुझ्या सकाळी फोनवर बोलू. डिसेंबरात मी तीन आठवडे मुंबईत आहे, तेव्हाच्या प्रयोगांच्या तारखा ठरल्या की लगेच सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश