घरासाठी राखलेली संध्याकाळ

चिरंजीव लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून मुलांसोबत घरातच घालवायची, हा तुमचा विचार मला मनापासून आवडला. त्या वेळी काय काय करायचे याची यादी तू करायला घेतली आहेस. परंतु माझ्या मते कार्यक्रमाच्या आधी वार पक्का व्हावा. अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १९१५ साली आपल्या कुटुंबांना अशी घरगुती संध्याकाळ पाळण्याचे आवाहन केले आणि पुढे १९७० मध्ये त्यासाठी सोमवार नेमून देऊन त्या संध्याकाळी चर्चचे इतर कार्यक्रम ठेवू नयेत असे ठरवले. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी त्यातले व्यवहारज्ञान घेण्यासारखे आहे, कारण ठरलेला वार नसला की ऑफिसचे काम, पाहुणे, मुलांचे क्लास यांपैकी काही ना काही ती जागा हमखास घेते.

वेळ मात्र आटोपशीर ठेव. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपेसह दहा ते तेरा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, त्यामुळे धाकट्याच्या झोपेच्या वेळेपासून मागे मोजत यावे आणि पाऊण तास ते तासाभरात सगळे उरकावे. मुलांना आणखी खेळायचे असतानाच थांबणे चांगले.

खेळ निवडण्याचा मान मुलांना आळीपाळीने द्यावा आणि ज्याची पाळी त्याचाच शब्द शेवटचा मानावा, मग तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळावा लागला तरी चालेल. धाकट्यापुढे मात्र दोनच पर्याय ठेव. हरायची वेळ आली की तो पत्ते उधळून देतो, असे तू लिहिले आहेस. चार वर्षांच्या मुलाचे तसे वागणे स्वाभाविक आहे. म्हणून मुद्दाम हरून त्याला जिंकवू नकोस, कारण थोरलीच्या ते लगेच लक्षात येईल आणि तिला तो अन्याय वाटेल. त्यापेक्षा त्याची कुणा मोठ्याशी जोडी लाव: पत्ता त्याने उचलायचा, विचार दोघांनी मिळून करायचा. किंवा सगळ्यांनी एकाच बाजूने खेळण्याचा खेळ निवड.

एका गोष्टीचा मी आग्रह धरीन. परीक्षेतले गुण, राहिलेला गृहपाठ, शाळेतून आलेली तक्रार यांतले काहीही त्या तासात काढायचे नाही. सगळे एकत्र बसले आहेत तर हेही बोलून घेऊ, असा मोह आईवडिलांना फार होतो. पण एकदा का मुलांना तिथे जाब द्यावा लागला, की पुढच्या आठवड्यापासून ती बसायची टाळाटाळ करू लागतील आणि त्यात त्यांचा दोष नसेल. त्या गोष्टींसाठी दुसरी वेळ काढ. फोनचा नियमही सर्वांना सारखाच हवा. मुलांचा काढून घ्यायचा आणि आपला मांडीवर ठेवायचा, हे चालणार नाही.

एखादा आठवडा चुकला तर भरपाई म्हणून पुढच्या वेळी दुप्पट वेळ बसवू नकोस. ठरल्या वारी नेहमीसारखे सुरू कर.

जावईबापूंशी बोलून वार नक्की झाला की कळव, म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही इकडून फोन करणार नाही.

तुझी,
आई