डोळ्यांवर पट्टी बांधण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यांवर पट्टी बांधून रुबिक क्यूब सोडवायची ओल्ड पोखमान पद्धत सोडून थेट थ्री-स्टाइल ही दुसरी पद्धत शिकायला घेऊ का, असं तू विचारलंस. मला वाटतं, आत्ताच नको. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

जर्मनीच्या स्टेफान पोखमाननं बसवलेली ओल्ड पोखमान संथ आहे, पण तिच्यातलं गणित तुला अजून पुरतं भेटलेलं नाही. टी-पर्म, म्हणजे ठरलेल्या चालींची एक माळ, वरच्या थरातले डावा आणि उजवा हे दोन एज (दोन रंगांचे कडेचे तुकडे) आपसात बदलतो आणि उजवीकडचे दोन कॉर्नरही (तीन रंगांचे कोपरे) बदलतो. बाकी क्यूब जागच्या जागी राहतो. उजवा एज आपला बफर, म्हणजे जिथून एकेक तुकडा त्याच्या घरी पाठवायचा ती जागा. तिथल्या तुकड्याला पुढच्या-डाव्या एजच्या जागी जायचंय, समज. डावी बाजू एकदा उलटी फिरवली की ती जागा वर डावीकडे येते. मग टी-पर्म, मग डावी बाजू सुलटी. सेटअप, अदलाबदल, सेटअप मागे. डोळे मिटून सोडवता येतं ते एवढ्याचमुळे: आपण काय हलवलं आणि काय हलवलं नाही, हे नक्की माहीत असतं. बोटांनी चाचपण्याचा इथे काही संबंध नाही. सेटअप करताना उजव्या एजला आणि त्या दोन कॉर्नरना धक्का लागू द्यायचा नाही, हा नियमही त्यातूनच येतो.

आता पॅरिटी, म्हणजे सम-विषमतेची बाब. तू ती 'कधीकधी येणारी कटकट' म्हणतेस, ते मला पटत नाही. कुठलीही बाजू पाव वळसा फिरव, चार एज फिरतात आणि चार कॉर्नरही फिरतात. म्हणून दोघांची सम-विषमता कायम बरोबरीनं बदलते. प्रत्येक स्टिकरला आपण एक अक्षर देतो आणि सोडवायच्या क्रमानं ती अक्षरं पाठ करतो; एजची अक्षरं विषम निघाली तर कॉर्नरचीही विषमच निघणार. म्हणजे पट्टी ओढण्याआधी फुकटचा ताळा मिळतो! एक संख्या सम आणि दुसरी विषम आली तर मेमो (पाठ केलेला क्रम) चुकलाय, पुन्हा बघ. दोन्ही विषम असतील तर एज आणि कॉर्नर यांच्या मध्ये एकदा आरए-पर्म, ही चालींची दुसरी माळ, करायचा. टी-पर्ममुळे उलटसुलट राहणारे दोन कॉर्नर आणि कॉर्नरच्या अल्गोमुळे (चालींच्या माळेमुळे) राहणारे दोन एज, दोन्ही त्यात जुळतात.

तुझा खरा वेळ जातोय तो मेमोत. स्पर्धेत घड्याळ क्यूब बघण्याआधीच सुरू होतं, पाठ करण्याचा वेळही धरला जातो, हे विसरू नकोस. इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांवर तू अडतेस, तर आपली मुळाक्षरं घे. क ते म मधून ङ, ञ, ण वगळले की २२ उरतात. र आणि ल धरले की बरोबर २४, एजच्या स्टिकरइतके आणि कॉर्नरच्याही. शिवाय मधला स्वर आपल्याला हवा तो. ब-क म्हणजे बोका, ढ-ल ढोल, झ-ड झाड, भ-क भाकरी. मग ही चित्रं घरातल्या जागांवर क्रमानं ठेव: उंबरठ्यावर बोका ढोल बडवतोय. देव्हाऱ्यात झाडाला भाकऱ्या लगडल्यात. पहिल्या चित्रानं दुसऱ्याला काहीतरी करायला हवं, म्हणजे क्रम सुटत नाही. एजची अक्षरं साधारण बारा. उंबरठा, देव्हारा आणि मोरी एवढ्यात ती मावतात. कॉर्नर शेवटी बघ, नुसत्या आवाजावर ठेव, मनात घोकत राहा आणि आधी तेच सोडव. आवाज लवकर विरतो, घरातली चित्रं थांबून राहतात.

याच मार्गानं माणसं कुठवर जातात बघ. ग्रॅहम सिगिन्सनं २०२२ साली एका तासाच्या आत ६५ क्यूब पाठ करून ६२ सोडवले.

मेमो बसला की फक्त एज एम-टूवर ने, कॉर्नर राहू देत. तीही पोखमानचीच पद्धत. टी-पर्मच्या चौदा चाली आणि वर सेटअप, त्याऐवजी मधली पट्टी अर्धा वळसा. पुष्कळ अक्षरं सेटअप धरून सातेक चालींत होतात. बफर मात्र बदलतो, पुढचा-खालचा, आणि पॅरिटीही वेगळी हाताळावी लागते, तेव्हा दोन्हींची सरमिसळ करू नकोस.

थ्री-स्टाइलमध्ये एका दमात दोन अक्षरं सुटतात. एक कृती, दुसरी कृती, पहिली उलट, दुसरी उलट, एवढंच. तीन तुकडे फिरतात, बाकी सगळं परत येतं. मला ती सर्वांत सुंदर वाटते. पण एजच्या ४४० आणि कॉर्नरच्या ३७८ केसेस आहेत. त्या घोकून शिकशील तर सेमिस्टर हातचं जाईल. स्वतः शोधत शिकलीस तर मला फार आनंद होईल. दिवाळीला येशील तेव्हा कॉर्नरपासून सुरुवात करू, मी वहीत काही मांडून ठेवलंय.

तोवर रोज झोपण्याआधी दोन मेमो कर, सोडवले नाहीस तरी चालेल. आणि जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई