वळणावरचा प्रकाश आणि आपल्या खात्याचे ‘शून्य’

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

“वक्र वेव्हगाइडमधील प्रकाशाची हानी शून्यावर न आल्याने दुसरा हप्ता देता येत नाही,” असे माझ्या प्रकल्पाला अनुदान देणाऱ्या आपल्या खात्याने गेल्या आठवड्यात मला एका ओळीत कळवले. वेव्हगाइड म्हणजे चिपवर प्रकाशाला नेणारी अरुंद वाट. पैशाअभावी एकही प्रयोग थांबणार नाही, असा शब्द आपण याच प्रकल्पाच्या उद्घाटनात दिला होता आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

खात्यात कोणीतरी वाचेल या आशेने सांगतो. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून धावणारा प्रकाश, म्हणजे पृष्ठ प्लाझ्मॉन, धातूतील इलेक्ट्रॉनांच्या आंदोलनाशी जोडलेला असतो. त्यामुळेच तो तरंगलांबीहून अरुंद जागेत कोंडता येतो आणि त्यामुळेच त्याची ऊर्जा वाटेत उष्णता होऊन विरते. पातळ धातुपटलांतून जाणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कुठे जाते, हे तपासताना 1957 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रिची यांना या आंदोलनांचा सिद्धान्त सापडला. म्हणजे ज्या विषयाचा जन्मच हानीच्या हिशेबातून झाला, त्यात आपण शून्य मागत आहात.

वळणावर दुसरी हानी सुरू होते. बाहेरच्या कडेला प्रकाशाला जास्त अंतर कापायचे असते. आतल्या भागाशी पाऊल जुळवायचे तर एका मर्यादेपलीकडे त्याला भोवतालच्या माध्यमातील प्रकाशापेक्षाही वेगाने धावावे लागेल, आणि ते शक्य नसल्याने तो भाग वाट सोडून निसटतो. वळण रुंद केले की ही गळती घटते, पण वाट लांबते आणि धातू अधिक खातो. सरळ वाटेत 50 मायक्रोमीटरनंतर 37 टक्के प्रकाश उरतो असे धरा. तशाच वेव्हगाइडला 5 मायक्रोमीटर त्रिज्येचे काटकोनी वळण दिले, तर केवळ उष्णतेत सुमारे 14 टक्के जातो. त्रिज्या 20 केली तर जवळजवळ निम्मा. या दोन हानींची बेरीज सर्वांत कमी असेल अशी त्रिज्या शोधणे, एवढेच आमचे काम आहे. दोन धातूंमधल्या अतिअरुंद फटीत प्रकाश काटकोनातही फारसा न सांडता वळतो, हे मलाही ठाऊक आहे. पण तिथे उष्णतेचा वाटा आणखी वाढतो. यावर आपल्या समितीतील एका सन्माननीय सदस्यांनी “मग वळण कशाला, सरळच ठेवा” असा तोडगा सुचवला. चिपवरचे सगळे घटक एका रेषेत उभे राहायला तयार असते, तर मीही तो आनंदाने मानला असता.

इमारतीतली कंपने थांबतात ती मध्यरात्रीनंतर, म्हणून मोजमाप तेव्हाच करावे लागते. पृष्ठभागाच्या अगदी जवळ टोक नेऊन तिथला प्रकाश टिपणाऱ्या निअर-फील्ड सूक्ष्मदर्शकाचे ते टोक वळणावरून ओळीओळीने सरकते आणि पडद्यावर प्रकाशाचा पट्टा मधून ढळून बाहेरच्या कडेला गेलेला दिसतो. अशा शंभरेक रात्री झाल्या असतील, दीडशेही असतील. मोजणे मी सोडले आहे. रक्तदाबाची गोळी त्यातच सुरू झाली आणि शिष्यवृत्ती थकल्यावर माझा विद्यार्थी दुसरीकडे नोकरीला लागला. खात्याला पाठवलेली स्मरणपत्रे तेवढी मोजली आहेत: सतरा.

शून्य लिहिणे अवघड नाही, महोदय. उष्णतेची हानी सरळ वाटेच्या खात्यात टाकायची, निसटलेला प्रकाश तेवढा मोजायचा आणि ‘वळणावरील हानी नगण्य’ असे लिहून सही करायची. तसे केले असते तर हप्ता कधीच मिळाला असता. जो खरा आकडा देतो त्याने खुलासे द्यावेत आणि जो गोंडस आकडा देतो त्याच्या अहवालावर कोणी प्रश्नही विचारू नये, अशी ही व्यवस्था आहे. ती एकट्या आपल्या खात्यापुरती असती तर मी खुले पत्र लिहिले नसते. अनुदानाच्या अटी लिहिणाऱ्याला विषय समजलाच पाहिजे असे कुठल्याही नियमात नाही, आणि अट चुकली असे म्हणण्याची सोय तर कोणत्याच अर्जात नाही.

मंजुरीपत्रातील ‘शून्य’ हा शब्द खोडून ‘उष्णता आणि गळती धरून किमान’ असे लिहावे आणि अडवलेला हप्ता सोडावा, एवढीच विनंती. चांदीचे नमुने नायट्रोजनच्या पेटीत ठेवले आहेत, पण मोजायला बाहेर काढले की हवेतले गंधक त्यांच्यावर काळा थर चढवते आणि प्रकाशाची हानी आणखी वाढते. मागच्या आठवड्यात दोन नमुने कडेने पिवळसर पडलेले दिसले.

आपला,
एक संशोधक