आत्यासाठी एला

यॉन्कर्स, न्यूयॉर्क

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तिकडची एखादी गाणारी सांग, सुराला पक्की आणि लयीलाही." मग जॅझ गाणारी एला फिट्झजेराल्ड ऐक. बाई आमच्याच गावातली. जन्म व्हर्जिनियातला, १९१७ चा, पण वाढली इथे यॉन्कर्सला. स्टेशनाजवळ तिचा पुतळाही आहे.

आई लवकर गेली आणि पोरीचे फार हाल झाले. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांची स्पर्धा होती, तिथे ही गेली ती नाचायला! दुसऱ्या दोघी बहिणींचा नाच बघून अवसान गळालं, म्हणून ऐनवेळी गायली आणि पहिली आली. पुढच्याच वर्षी ड्रमर चिक वेबच्या बँडमध्ये शिरली. १९३९ मध्ये तो गेला, तेव्हा विशीतल्या या मुलीच्या नावावर तो बँड पुढे चालला.

दुकानात तिच्या 'साँग बुक'च्या तबकड्या पुढेच मांडलेल्या असतात. १९५६ ते १९६४ या काळात एकेका संगीतकाराची किंवा गीतकाराची गाणी घेऊन तिने असे आठ संच केले. गर्श्विन बंधूंचा १९५९ चा संच तर पाच तबकड्यांचा. उच्चार स्वच्छ, सूर जागच्या जागी. काकांना हेच आवडेल. मला मात्र ते जरा इस्त्री केल्यासारखं वाटतं.

तू सुरुवात कर बर्लिनच्या मैफलीपासून, फेब्रुवारी १९६०. 'मॅक द नाइफ' सुरू करण्याआधीच ती सांगते, शब्द आठवतील अशी आशा आहे. आणि मध्यावर खरंच विसरते! पण थांबत नाही. पुढचं कडवं काय बरं, हेच चालीत म्हणते, मग जॅझमधला ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँग याच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करते. तुझे कान टवकारतील ते दुसऱ्याच गोष्टीला. गाणं चालू असताना पट्टी अर्ध्या अर्ध्या सुराने वर चढत जाते, आणि शब्द हातात नसतानाही ही प्रत्येक वेळी नव्या 'सा'वर अचूक उतरते. तुझ्या क्लासमध्ये मध्येच पट्टी बदलली तर काय गोंधळ उडेल, सांग! याच ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं.

त्याच मैफलीत 'हाऊ हाय द मून' आहे. इथे ती स्कॅट गाते, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांवर तानबाजी. तुला तराणा आठवेल, पण ही सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटसारख्या फिरती घेते, मध्येच भलत्याच गाण्याचा तुकडा टाकून समेवर हजर. इंग्रजी कळलं नाही तरी काही अडत नाही.

दोन्ही गाणी पेनड्राइव्हवर घालून दादाबरोबर पाठवतोय. साँग बुकमधली थोडी काकांसाठी वेगळ्या फोल्डरात आहेत. ऐकल्यावर फोन कर, फक्त आमची रात्र बघून.

तुझा,
मंदार