मतदान राहू द्या, सामन्यांची अट घाला

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक प्रदर्शनीय सामन्यासाठी, होणाऱ्या संघनिवडीतून चाहत्यांचे मत काढून टाकावे, असे सुचवणारा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. केवळ लोकप्रियतेवर अपात्र खेळाडू निवडले जातात, हा रोग ओळखला आहे. औषध मात्र चुकले आहे.

२०१७पासून सामन्याची सुरुवात करणाऱ्या पहिल्या पाच खेळाडूंच्या निवडीत चाहत्यांचा वाटा निम्माच आहे; उरलेला खेळाडू आणि पत्रकारांचा. त्याच वर्षी झाझा पाचुलिया हा साधाच खेळाडू चाहत्यांच्या मतांत पश्चिम विभागाच्या फ्रंटकोर्टमध्ये (बास्केटजवळ खेळणाऱ्यांच्या गटात) दुसरा आला, तरी पहिल्या पाचांत पोहोचला नाही. म्हणजे गंमत म्हणून दिलेल्या मतांवर चाळणी आधीच बसली आहे.

खरी उणीव वेगळी आहे. २०११ मध्ये याओ मिंग हंगामात अवघे पाच सामने खेळून, तर २०१४ मध्ये कोबी ब्रायंट सहा सामने खेळून पहिल्या पाचांत निवडून आला. दोघेही जखमी होते. याओच्या जागी आलेला केविन लव्ह त्याच हंगामात सलग ५३ सामन्यांत गुण आणि रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू पकडणे) दोन्हींत दुहेरी आकडा गाठणारा खेळाडू! त्याला मात्र लीगच्या आयुक्तांनी नेमलेला बदली म्हणून मागच्या दाराने यावे लागले. कोबीबद्दल मलाही ममत्व आहे, पण ऑल-स्टार हा निरोपसमारंभ नव्हे.

सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी २०२३-२४ पासून साधारण ६५ सामन्यांची अट आहे. ऑल-स्टारच्या मतपत्रिकेवर नाव येण्यासाठीही तोवर झालेल्या सामन्यांपैकी निदान निम्मे खेळण्याची अट घालावी. मग चाहत्यांनी खुशाल हवे त्याला मत द्यावे.

– एक वाचक, पुणे